भिंतीवर न मावलेल्या राण्या

सासरे आमच्याकडे म्युनिकला तीन महिन्यांसाठी आले, त्या वसंतात मी इराणच्या राजांची यादी करत होते. इथल्या एका लहानशा संग्रहालयात इराणवर प्रदर्शन भरायचं होतं. पहिल्याच दालनात एका लांब भिंतीवर सगळी घराणी आणि त्यांचे राजे ओळीने मांडायचे होते. हखामनींपासून सुरुवात, मग ग्रीक, पार्थियन, सासानी, अरबांचा काळ, सेल्जुक, मंगोल, सफवी आणि अगदी शेवटी काजार आणि पहलवी. कोणामागून कोण आला, किती वर्षं टिकला, कसा गेला. ते काम माझ्याकडे होतं. माझं कंत्राट एका वर्षाचं होतं, जूनअखेर संपत होतं, आणि पुढे वाढेल असं मला सांगितलं होतं. लेखी नव्हे, कॉफी पिता पिता.

मी फारसी शिकले ती पुण्यात, मराठ्यांचे जुने कागद वाचता यावेत म्हणून. आमच्या वर्गात तिघं होतो. दुसऱ्या वर्षी मी एकटीच उरले. त्या भाषेच्या नादाने पुढे जर्मनीत आले, पीएचडी केली, लग्न केलं, मुलगी झाली. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. त्याला कधी कोणी विचारलं नाही की तुझं काम पुढच्या वर्षी असेल का. माझी मात्र चार कंत्राटं झाली होती आणि चारही ‘बेफ्रिस्टेट’, म्हणजे मुदतीची. त्रेचाळीस वर्षांची झाले तरी दर जूनमध्ये मी नोकरीच्या जाहिराती चाळायला बसायची.

सासरे सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर ते पुण्यात एकटेच राहत आणि त्यांनी घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम अंगावर घेतलं होतं. कुलमंडळ नवी आवृत्ती काढणार होतं आणि आमच्या शाखेची माहिती गोळा करायची जबाबदारी यांच्यावर. येताना त्यांनी एका बॅगेत फक्त कागद आणले होते. कस्टम्सच्या माणसाने बॅग उघडायला लावली तेव्हा त्याला इंग्रजीत म्हणाले, “फोर हंड्रेड इयर्स. केअरफुल.” हे त्यांनी आम्हाला येताना गाडीत दोनदा सांगितलं.

माणूस चांगला होता, हे मला सांगितलंच पाहिजे. सकाळचा चहा तेच करायचे. मी एस-बानला, म्हणजे इथल्या लोकलला, धावायच्या आत माझा डबा भरून ठेवायचे, पोळीला तूप लावून. दुपारी एकटेच फिरायला जायचे आणि बेकरीवाल्या बाईशी खुणांनी बोलून ब्रेड आणायचे. तीस वर्षांत स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेला माणूस सत्तरीनंतर भाजी चिरायला शिकला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एका टोकाला त्यांचे कागद, दुसऱ्या टोकाला माझा लॅपटॉप. मध्ये आमची मुलगी गृहपाठ करायची. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आजोबा मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये सांगायची, मी मधे भाषांतर करायची. काही दिवसांनी त्यांना ‘या’ म्हणजे हो, ‘नाइन’ म्हणजे नाही आणि ‘गेनाऊ’ म्हणजे अगदी बरोबर, एवढं समजायला लागलं, आणि मग ते स्वतःच मध्येच “गेनाऊ!” म्हणायचे. मुलगी खदाखदा हसायची.

“तुझे राजे कुठपर्यंत आले?” असं ते रोज विचारायचे. त्यांना खरंच उत्सुकता होती. दिल्ली लुटणारा, मयूरासन नेणारा तो अफशार घराण्यातला शहा त्यांना माहीत होता, कारण त्याच्यावरून आपल्याकडे अजून ‘नादिरशाही’ म्हणतात. त्याने स्वतःच्या मुलाचे डोळे काढवले हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. “पोटच्या पोराचे?” म्हणाले. “आणि मग पश्चात्ताप झाला त्याला?” झाला असं म्हणतात, मी म्हटलं.

एका रविवारी आम्ही मटार सोलत बसलो होतो. सासानी घराण्याच्या शेवटाशी मी पोचले होते, म्हणून त्यांना त्या दोन बहिणींची गोष्ट सांगितली.

सासान्यांचा शेवटचा मोठा बादशहा म्हातारा झाला तेव्हा त्याच्याच मुलाने त्याला कैदेत टाकलं आणि मारवलं. मग गादीला कोणी वाटेकरी नको म्हणून सगळ्या भावांना एकामागून एक मारलं. जुने इतिहासकार सांगतात की दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन बहिणी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याला तोंडावर वाट्टेल ते बोलल्या. तेव्हा तो रडला आणि त्याने मुकुट डोक्यावरून काढून फेकला. थोड्याच महिन्यांत रोगाच्या साथीत तो मेला. मग त्याचा लहानगा मुलगा, मग एक सेनापती. पुरुषच उरले नाहीत, म्हणून मोठी बहीण गादीवर बसली. तिने कर माफ केले, मोडलेले पूल बांधायला घेतले, स्वतःची नाणी पाडली. सासान्यांच्या प्रत्येक राजाचा मुकुट वेगळा असतो, त्यावरूनच नाणं कोणाचं ते ओळखतात. तिचाही मुकुट वेगळा आहे आणि त्याच्याखाली वेण्या दिसतात. तिच्यानंतर धाकटी आली. तिला एका सरदाराने लग्नाची मागणी घातली, तिने त्याला मारवलं, आणि त्याच्या मुलाने येऊन तिचा जीव घेतला.

“पुरुष संपल्यावर बायकांची आठवण झाली,” सासरे म्हणाले. मटाराच्या शेंगा हातात तशाच. “पण बोलल्या ना त्या भावाला! शाब्बास.”

मुलीने वहीतून डोकं वर करून विचारलं, त्या भिंतीवर असणार का? म्हटलं, असणारच. नाण्याच्या फोटोसकट.

एप्रिलमध्ये अग्निसुरक्षेचा माणूस संग्रहालयात आला. भिंतीच्या टोकाला आणीबाणीचं दार होतं आणि त्याने टेप लावून सांगितलं की दार पूर्ण उघडायला पाहिजे, तेव्हा भिंतीवरचा फलक दीड मीटर आखूड करा. त्याच दुपारी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. बाई साठीच्या आसपास, हुशार, स्वतः कष्टाने वर आलेल्या. त्यांनी प्रिंट टेबलावर पसरला, लाल पेन्सिलने सासान्यांच्या शेवटाभोवती एक गोल काढला.

“हे. चारेक वर्षं आणि दहा नावं. कोणी वाचणार नाही. एका ओळीत करून टाक. ‘गादीचा गोंधळ, अनेक अल्पकालीन राज्यकर्ते.’”

“यात दोन राण्या आहेत,” मी म्हटलं. “आपल्या यादीत बायका एवढ्या दोनच आहेत.”

“मला माहीत आहे. मी पण बाईच आहे.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “पण तू इतिहास लिहीत नाहीयेस, भिंत लिहीत आहेस. लोक उभ्याने वाचणार.”

“दुसरीकडे कुठे कमी करता येईल. मंगोलांमध्ये—”

“तुझं कंत्राट वाढवायचा प्रस्ताव मी वर पाठवलाय,” त्या म्हणाल्या. त्याच सुरात, प्रिंटची घडी घालत. धमकी नव्हती ती. कदाचित खरंच सहज सांगितलं असेल. पण मी पुढचं वाक्य बोलले नाही.

जागेवर येऊन मी दहा ओळी निवडल्या आणि डिलीट केल्या. नाण्याचा फोटो काढून टाकला. त्याच्या जागी ती एक ओळ लिहिली. मग सगळं नीट जुळतंय का बघितलं. जुळत होतं, अगदी छान जुळत होतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. त्या दोघी गेल्याने कुठे भोकसुद्धा पडलं नाही.

घरी मी ते जेवताना सांगितलं. तक्रारीच्या सुरात सांगितलं, म्हणजे बाईंवर राग काढला. नवरा म्हणाला, “जाऊ दे, एक्स्टेंशन महत्त्वाचं.” सासरे म्हणाले, “वाईट झालं.” मुलगी वही घेऊन आपल्या खोलीत गेली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सासऱ्यांनी मला एक पीडीएफ पाठवली. आमच्या शाखेची पानं तयार झाली होती, छापून हवी होती. आमच्या प्रिंटरची शाई संपली होती म्हणून मी लायब्ररीतून काढून आणली आणि एस-बानमध्ये बसून चाळत होते. आमच्या नोंदीशी आले. नवऱ्याचं नाव, जन्म, शिक्षण, नोकरी, वास्तव्य जर्मनी. पुढे ‘पत्नी’ आणि एक नाव. ते माझं नव्हतं.

म्हणजे माझंच होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं. तेव्हा मी विरोध केला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, विधीपुरतं आहे गं, वापरू नकोस. खरोखर कोणीही ते कधी वापरलं नाही. माझ्या पासपोर्टवर नाही, पदवीवर नाही, दारावरच्या पाटीवर नाही. तांदळाबरोबर ते नावही संपलं असं मी समजत होते. आणि पंधरा वर्षांनी ते छापायला निघालं होतं. शिक्षणाचा रकाना माझ्या नावापुढे नव्हताच.

त्यानंतर दोन शब्द. ‘कन्या १’.

वंशवृक्षाचं पान वेगळं होतं. तिथे नवऱ्याच्या नावाखाली एक लहान आडवी रेघ होती. सूचीत बघितलं, त्या रेघेचा अर्थ दिला होता. शाखा समाप्त.

मी घरी पोचले तेव्हा सासरे टेबल पुसत होते. मी पान त्यांच्यासमोर ठेवलं.

“बाबा, हे माझं नाव नाही.”

“अगं, लग्नात ठेवलेलं नाव घालायची पद्धत आहे. सगळ्या सुनांचं तसंच आहे.”

“आणि आमच्या मुलीचं नाव कुठाय?”

“मुलींची नावं घालत नाहीत. घातली तर झाडाचा पसारा होतो, पानावर मावत नाही. दुसऱ्या घरी जातात त्या, तिकडच्या वृत्तांतात येतात.”

“मंडळाचं पत्र मीच स्कॅन केलंय तुमच्यासाठी,” मी म्हटलं. “त्यात लिहिलंय, या आवृत्तीत मुलींची नावं घालायची आहेत. फक्त शाखेच्या संपादकाची हरकत नसली पाहिजे. संपादक तुम्ही आहात.”

त्यांनी हातातलं फडकं नीट चौकोनी घडी करून ठेवलं.

नवरा आतून आला. त्याने पान बघितलं, वडिलांकडे बघितलं, आणि एकदम म्हणाला, “ताईमुळे ना?”

मला तेव्हा उलगडा झाला. माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. तिने वीस वर्षांपूर्वी वडिलांच्या मनाविरुद्ध दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न केलं. तेव्हापासून सासऱ्यांनी तिचं नाव घेतलेलं नाही. सासूबाई चोरून फोन करायच्या. त्या गेल्या तेव्हा ती आली होती, दारात उभी राहिली, दिवा लावायच्या आत निघून गेली. मुलींची नावं छापायची म्हटलं असतं तर यांना तिचं नाव लिहावं लागलं असतं. आणि ‘पती’ या शब्दापुढे तिच्या नवऱ्याचं. ते टाळायला त्यांनी शाखेतल्या सगळ्याच मुली पुसल्या होत्या. चार पिढ्यांमधल्या, आत्या, पुतण्या, नाती, सगळ्या.

“बाबा, एका मुलीवरचा राग तुम्ही हिच्यावर काढताय,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “ही तुमच्यासाठी रोज मराठी समजून घेते. हिच्या नावाची तुम्हाला एक ओळ जड झाली?”

“राग नाही,” ते म्हणाले. “मला ते जमणार नाही. एवढंच.”

“त्या राण्यांना शाब्बास म्हणालात तुम्ही!”

तेवढ्यात मुलगी बोलली. ती दाराशी कधी येऊन उभी राहिली मला कळलं नव्हतं. ती नेहमीसारखी जर्मनमध्येच बोलली, अगदी शांतपणे. “आबर मामा, दू हास्ट एस दोख सेल्बर गेमाख्ट.” पण आई, तू स्वतःच तर तेच केलंस.

सासऱ्यांना वाक्य कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी भाषांतर करेन म्हणून. रोज करायची तसं. मी केलं नाही. नवऱ्याला कळलं होतं, तोही बोलला नाही. तो कधीच बोलत नाही. ‘ताईमुळे ना’ हे त्याने वीस वर्षांत या विषयावर वडिलांसमोर उच्चारलेले पहिले शब्द होते, आणि त्या दिवशी शेवटचेही तेच ठरले.

मेच्या अखेरीस प्रदर्शन उघडलं. घरच्यांना बोलवलं होतं, पण सासरे पाय दुखतो म्हणाले आणि मुलीची परीक्षा होती. वाइनचे ग्लास, भाषणं. बाईंनी भाषणात सगळ्या टीमचे आभार मानले, ‘टीम’ असं म्हणून. मी भिंतीजवळ उभी होते. पाहुणे खरंच उभ्याने वाचत होते, आणि बहुतेक जण सासान्यांपर्यंत पोचायच्या आतच पुढच्या दालनात जात होते.

एक इराणी म्हातारी मात्र पोचली. काठी होती, ओठांना फिकट लाली, गळ्यात मोत्यांची सर. ती त्या एका ओळीपाशी थांबली, मागे गेली, परत आली. मग माझ्या छातीवरचा बिल्ला बघून जर्मनमध्ये म्हणाली, “इथे दोन बहिणी असायला हव्यात.”

“हो,” मी फारसीत म्हटलं. “असायला हव्यात.”

माझी फारसी ऐकून तिचा चेहरा उजळला. तिने सांगितलं की तिच्या आईचं नाव धाकट्या बहिणीवरून ठेवलेलं होतं. तेहरानला शाळेत त्यांचा धडा होता आणि ती वर्गात बोट वर करून सांगायची, हे माझ्या आईचं नाव आहे. मग तिने विचारलं, “तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही लिहिलं का नाही?”

मला ‘मीच काढलं’ असं म्हणता आलं असतं. तीन वर्षं झाली, अजून कधीकधी भांडी घासताना मी ते वाक्य फारसीत मनातल्या मनात म्हणते. त्या वेळी मी बाईंकडे बोट केलं. “त्या ठरवतात,” म्हटलं.

म्हातारी बाईंकडे गेली नाही. तिने अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, पानभर, सुंदर वळणदार जर्मन अक्षरात. सोमवारी बाईंनी त्या पानाचा फोटो मला मेलने पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘कृपया माझ्या नावाने उत्तराचा मसुदा कर.’ मी केला. तुमच्या बहुमोल सूचनेबद्दल आभार. ऐतिहासिक गुंतागुंत आणि सुवाच्यता यांचा समतोल राखताना दुर्दैवाने काही व्यक्तिमत्त्वांचा स्वतंत्र उल्लेख शक्य झाला नाही. असल्या जर्मनमध्ये मी तोपर्यंत पटाईत झाले होते. बाईंनी एक स्वल्पविराम बदलला आणि सही केली.

माझं त्या संग्रहालयातलं ते शेवटचं काम. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं की प्रस्ताव वरून नामंजूर झालाय, निधी नाही. बाईंना मनापासून वाईट वाटलं होतं, त्यांनी मला फुलझाडाची कुंडी दिली. त्या दहा ओळी ठेवल्या असत्या तरी हेच झालं असतं. मग निदान त्या तरी राहिल्या असत्या.

सासरे त्याच महिन्यात परत गेले. विमानतळावर त्यांनी नातीच्या हातात पाकीट ठेवलं, डोक्यावरून हात फिरवला. तिने वाकून नमस्कार केला, शिकवल्याप्रमाणे. माझ्या डब्याची पोळी त्या दिवशीही त्यांनीच केली होती. त्या भांडणानंतर आम्ही दोघांनी एकमेकांशी एकही वाकडा शब्द काढला नव्हता. चहा, भाजी, हवा, एवढ्यावर दीड महिना काढला.

कुलवृत्तांत पुढच्या दिवाळीच्या आधी कुरिअरने आला. जाडजूड, निळ्या कापडी बांधणीचा. नवऱ्याने पाकीट फोडलं, आमचं पान उघडलं, बघितलं आणि मिटलं. मी त्याच्या हातातून घेतला. एक बदल होता. माझं नाव दुरुस्त झालं होतं, पुढे कंसात पीएचडीसुद्धा. म्हाताऱ्याने तेवढं केलं होतं. त्याच्यापुढे ‘कन्या १’ तसंच. मी आनंद मानू की चिडू, मला कळेना. खरं सांगायचं तर जरासा आनंद झाला, आणि त्याची आजतागायत लाज वाटते.

मुलीने तो कपाटातून स्वतःच काढून बघितला असणार, कारण तिने आम्हाला कधी विचारलं नाही. फक्त रविवारी दुपारी पुण्याचा व्हिडिओ कॉल लागला की ती आपल्या खोलीचं दार लावून घ्यायला लागली. मी आधी हाका मारायची. मग सोडून दिलं. कोणाला कशाबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, असं आता वाटत नाही.

आता ती सोळा वर्षांची आहे. मी ब्योब्लिंगेनच्या एका कंपनीसाठी घरून काम करते, सॉफ्टवेअरच्या सूचना जर्मनमधून इंग्रजीत करते. कंत्राट कायमचं आहे. सासरे ब्याऐंशीचे झालेत, कानाला यंत्र आहे, फोन कपाळाला लावून बोलतात, त्यामुळे आम्हाला त्यांच्या भुवयाच दिसतात. नणंदेचं नाव अजून घेत नाहीत. गेल्या रविवारीही त्यांनी विचारलं, “चिमणी कुठाय? किती महिने झाले दिसली नाही.”

“क्लासला गेलीय, बाबा,” मी म्हटलं.

“रविवारी?”

“हो. इथे रविवारी पण असतात.”

नवरा शेजारी बसला होता. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

“बरं बरं,” ते म्हणाले. “शिकू दे.”